काश्मीर ते कन्याकुमारी, बगलरस्त्याने

श्रीनगरहून सायकलने निघून कन्याकुमारीला पोहोचलो, त्याला आता काही महिने झाले. मोबाइलवर त्या प्रवासाची एक लाल रेघ आहे, साडेतीन हजार किलोमीटरच्या वरची. गटातले बाकीचे अजून तिचा सरासरी वेग काढून एकमेकांना पाठवतात. मला मात्र आठवतं ते बहुतेक सगळं रेघ जिथे वाकडी झाली किंवा थांबली तिथलं.

ऑक्टोबर सरत आला होता. पांपोरला केशराची तोडणी चालू होती. ऊन चढण्याआधी जांभळी फुलं खुडायची, मग घरी बसून एकेका फुलातले तीन लाल तंतू वेगळे करायचे, असं ते काम. तिथे आम्ही रेंगाळलो, कारण पहिला दिवस होता आणि अजून कुणाला घाई झाली नव्हती.

घाई रामबनपाशी झाली. दरडींमुळे ट्रकच्या रांगा, खाली चिनाब आणि पुढे चेनानी-नाशरी बोगदा. नऊ किलोमीटरचा हा बोगदा २०१७ मध्ये खुला झाला आणि जम्मू-श्रीनगर अंतर तीसेक किलोमीटरने घटलं. सायकल बोगद्यातून चालवायची नाही, हे आमचं आधीच ठरलं होतं. वाद होता तो सायकली टेम्पोत टाकून पलीकडे उतरायचं, की जुन्या रस्त्याने दोन हजार मीटरवरच्या पत्नीटॉपला चढायचं, यावर. “टेम्पोत बसलो तर कसलं काश्मीर ते कन्याकुमारी?” असं एका बाजूचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला दिल्लीपर्यंतचं वेळापत्रक दिसत होतं. निम्मे वर गेलो, निम्मे आतून. वरच्यांना देवदार मिळाले, धाप मिळाली आणि उतारावर कूद गावची मिठाई, ताजा, गरम पतीसा मिळाला. रस्ता मोकळा होता, दुकानदारांना गप्पा मारायला वेळ होता. संध्याकाळी दोन्ही गट भेटले तेव्हा बोगद्यातून आलेल्यांकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

पंजाबात भात कापून झाला होता आणि धसकटं पेटली होती. मास्क लावला की दम कोंडतो, काढला की घसा जळतो, अशा हवेत दिल्लीपर्यंतचं अंतर कापलं. त्यात लुधियाना आलं आणि गेलं. देशातला सायकलींचा सगळ्यात मोठा धंदा ज्या शहरात चालतो, ते आम्ही सायकलवाल्यांनी उड्डाणपुलांवरून ओलांडलं! चौपदरी महामार्ग बांधतातच त्यासाठी, मधल्या गावांनी कुणाला अडवू नये म्हणून. ट्रकवाल्याला ते ठीक आहे.

आम्हाला अडवलं ते पंक्चरांनी, आणि त्यांचे उपकारच म्हणायचे. महामार्गावर सायकल खिळ्याने क्वचितच बसते. ट्रकचे टायर फुटले की आतल्या पोलादी तारेचे केसाएवढे तुकडे कडेच्या पट्ट्यात पसरतात. नुसती ट्यूब बदलली तर दहा मिनिटांत चाक पुन्हा बसतं. टायरच्या आतून बोट फिरवून तार शोधायची आणि चिमट्याने उपटायची. चंबळ ओलांडून मुरैनाकडे जाताना हेच चाललं होतं, तेव्हा एक म्हातारे बाबा जवळ येऊन बसले. “इनाम कितना है?” काहीच नाही म्हटल्यावर त्यांनी आमच्याकडे नीट पाहिलं आणि घरातून गजक आणून दिली.

गटाचा नियम साधा होता. दर पंचवीस किलोमीटरला सगळ्यांनी एकत्र यायचं आणि सगळ्यात मागे एकाने राहायचं. त्याला स्वीप म्हणतात. त्याने कुणाला ओलांडायचं नाही. सुरुवातीला ही शिक्षा वाटायची. नर्मदेपर्यंत येता येता स्वीपसाठी भांडणं होऊ लागली, कारण चहा, गप्पा सगळं मागच्याच्या वाट्याला यायचं. पुढच्यांना फक्त पुढच्याचं मागचं चाक दिसायचं.

पेंचच्या जंगलात रस्ता खांबांवर उचललाय, म्हणजे खालून वाघ-चितळांना जाता यावं. हा बगलरस्ता मात्र मला मनापासून पटला. मग विदर्भ. हिंगणघाटच्या वाटेवर कापसाने भरलेल्या गाड्या, आणि चहाच्या टपरीवर, “कुठून येऊन राहिले जी? घरी भांडण झालं का?”

त्याआधी जाम चौरस्ता लागतो. तिथून वरोऱ्याला फाटा जातो, म्हणजे बाबा आमट्यांच्या आनंदवनाला. डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमटे ‘भारत जोडो’साठी निघाले तेव्हा तरुण मुलंमुली सायकलींवर होती आणि पाठीच्या दुखण्यामुळे बसता न येणारे बाबा गाडीत आडवे. त्यांची दिशा आमच्या उलट, कन्याकुमारीहून काश्मीरकडे. त्यांचं अंतर पाच हजार किलोमीटरच्या वर गेलं, कारण ते वळत, थांबत, लोकांशी बोलत गेले. पंजाब धुमसत असतानाचे ते दिवस. आमच्या रेघेला ते जास्तीचे दीडेक हजार किलोमीटर नाहीत. जामला मी वळायचं सुचवलं तेव्हा अर्धा दिवस जाईल म्हणून ते बारगळलं. तो अर्धा दिवस पुढे हैदराबादला एका हॉटेलात झोपून गेला.

दक्षिणेबद्दल फार सांगता येत नाही. गोदावरी, कृष्णा, तुंगभद्रा पुलांवरून गेल्या, बंगळुरू रहदारीत गेलं. तमिळनाडूत परतीच्या मोसमाचा पाऊस लागला आणि मुप्पंदलच्या पवनचक्क्या त्या पावसात धूसर दिसल्या. कन्याकुमारीला फोटो काढले, सायकली खोक्यांत भरल्या. सगळे पोहोचले, कुणाचं हाड मोडलं नाही. एवढ्या मोठ्या गटाच्या बाबतीत ही छोटी गोष्ट नव्हे.

येत्या हिवाळ्यात तुमच्यापैकी कुणी निघणार असेल, तर वेळापत्रकात चार-पाच दिवस मुद्दाम रिकामे ठेवा. स्वीपची पाळी सगळ्यांना येऊ द्या. चिमटा जवळ असू द्या. घाट चढून पत्नीटॉपला जा, लुधियानाच्या बाजारात शिरा, आणि नागपूरहून खाली येताना जामला डावीकडे वळा.