परसातलं लिंबू का वाळतं? शंभर वर्षांच्या शोधाचा मागोवा

निडीच्या आसपास, नागोठण्यापासून रोह्यापर्यंतच्या पट्ट्यात, परसातलं कागदी लिंबू सहसा पाऊस सरता सरता जातं. गणपतीत हिरवंगार असतं. दिवाळीच्या सुमारास पानं मलूल होतात, शेंडे सुकतात, पानगळ होते आणि बारकी लिंबं तेवढी फांदीवर लटकत राहतात. जमीन ओली असूनही झाड तहानलेलं दिसतं. मग कुणी दृष्ट लागली म्हणतं, कुणी आणखी पाणी घालतं. पाणी घालणं जास्त घातक.

आपल्याकडे या मरणाचं कारण जवळजवळ शंभर वर्षं शोधलं जातंय. १९२० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातल्या चीमा आणि भट यांनी लिंबूवर्गीय झाडांच्या शेंडेमरीवर पुस्तिका लिहिली आणि तिचा संबंध पश्चिम भारतातल्या जमिनींशी जोडला. पुढे नजर मातीवरून पानांकडे वळली. ब्राझीलमध्ये ट्रिस्टेझा विषाणूने लक्षावधी संत्र्याची झाडं मारली होती. मावा तो पसरवतो हे १९४६ मध्ये सिद्ध झालं. कागदी लिंबू तर या विषाणूचं सूचक झाडच. कोवळं पान उजेडासमोर धरलं की शिरांमध्ये तुटक, फिकट ठिपके दिसतात. १९६७ मध्ये कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी ग्रीनिंग रोग सायला ही बारीक कीड पसरवते, हे दाखवून दिलं. नागपूरला लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८५ मध्ये उभं राहिलं. विदर्भातल्या संत्राबागांमधल्या डिंक्या आणि मूळकुजीमुळे फायटोप्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूचं नाव तिथल्या बागायतदारांच्या तोंडी बसलं.

हा फायटोप्थोरा जुना वैरी. १८३० च्या दशकात अझोर्स बेटांवरच्या बागा डिंक्याने उजाड झाल्या, तेव्हा लोकांनी त्याला दाद न देणाऱ्या आंबट संत्र्याच्या खुंटावर कलमं बांधायला सुरुवात केली. शतकभराने ट्रिस्टेझा आला आणि नेमकी याच खुंटावरची झाडं धडाधड मेली. म्हणून एकच एक कारण धरून बसणाऱ्या निदानावर माझा विश्वास नाही.

तरी कोकणातल्या परसात मी आधी मातीकडेच बघेन. विषाणू किंवा ग्रीनिंग झाडाला बहुधा हळूहळू खंगवतात. चार-सहा आठवड्यांत झाड बसलं, तर संशय मुळांवर किंवा बुंध्यावर घ्यावा. बुंध्याजवळची माती हाताने बाजूला करायची. साल काळपट, ओलसर असेल, डिंकाचे ओघळ असतील, तर नखाने खरवडून पाहायचं. खाली हिरवट पांढरं लागलं तर साल जिवंत. तपकिरी लागलं आणि तो पट्टा खोडाभोवती पुरता फिरलेला असला, तर झाड वाचत नाही. मग एक बारीक मूळ चिमटीत धरून ओढायचं. कुजलेल्या मुळाची साल सुटून हातात येते, आत दोऱ्यासारखी शीर उरते. खोडावर जाळी आणि भुसा दिसला तर साल खाणारी अळी. तिचा उपाय वेगळा.

आमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्यात अंगणाला लादी बसते, घर बांधताना भराव पडतो, बुंधा हातभर मातीत गाडला जातो, न्हाणीचं पाणी थेट आळ्यात सोडलेलं असतं. बुरशीला आणखी काय हवं? भराव काढून बुंधा मोकळा करावा, पाण्याला वाट द्यावी. दुहेरी आळं करून पाणी बाहेरच्या कड्यात द्यावं, म्हणजे खोड कोरडं राहतं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांचं बोर्डो मलम पावसाच्या आधी आणि नंतर खोडाला हातभर उंचीपर्यंत लावावं.

झाड गेलंच, तर त्याच खड्ड्यात पुन्हा लिंबू लावू नये; बुरशीचे बीजाणू मातीत बराच काळ टिकतात. दुसरी, उंचवट्याची जागा निवडावी आणि कलम असेल तर त्याचा सांधा जमिनीपासून वीतभर तरी वर ठेवावा.