दुकानात पोत्याने मिळणारं मोरचूद आपल्या डोंगरात का सापडत नाही? जाणून घ्या

महाड/पोलादपूर : पावसाळा तोंडावर आला की सुपारीच्या आणि आंबा-काजूच्या बागायतदाराला आठवण येते ती निळ्या खड्यांची, म्हणजे मोरचुदाची. कृषी सेवा केंद्रात ते किलोवर मिळतं. पण हेच मोरचूद निसर्गात दगडाच्या रूपातही तयार होतं आणि तिथे ते दुर्मिळ आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. असं का? उत्तर एका शब्दात आहे : पाणी. हे उत्तर नीट समजलं तर फवारणीतल्या चुका टळतात आणि घरातली पोरंबाळं, गुरंढोरंही सुरक्षित राहतात.

मोरचूद म्हणजे नेमकं काय?

मोरचूद हे तांब्याचं सल्फेट. पाणी शुद्ध करायची तुरटी, हिराकस, जिप्सम ही सगळी सल्फेट घराण्यातलीच भावंडं. निसर्गात सापडणाऱ्या मोरचुदाला खनिजशास्त्रात चाल्कँथाइट म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो ‘तांब्याचं फूल’.

१ किलो शुद्ध मोरचुदात साधारण २५० ग्रॅम तांबं आणि तब्बल ३६० ग्रॅम पाणी असतं. हे पाणी खड्यातच बांधलेलं असल्यामुळे खडा हाताला कोरडा लागतो. खडा तापवला की हे पाणी निघून जातं, निळा रंग उडतो आणि पांढरी भुकटी उरते. त्यावर पाणी टाकलं की परत निळं! खडा तसा ठिसूळ आणि मऊ असतो. साध्या तापमानाच्या १ लिटर पाण्यात ३०० ग्रॅमच्या आसपास मोरचूद सहज विरघळतं.

मग निसर्गात ते सापडतं कुठे?

तांबं आणि गंधक एकत्र असलेल्या दगडाला हवा आणि ओल लागली की त्यातून निळं पाणी पाझरतं. हे पाणी जिथे सुकतं तिथे खाणीच्या भिंतीवर निळे थर, सुया, झुंबरं तयार होतात. पण एक जोराचा पाऊस आला की सगळं धुऊन जातं. म्हणून हे खनिज टिकतं ते फक्त कोरड्या मुलखात, नाहीतर खाणीच्या आडोशाला. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात अटाकामा वाळवंट आहे. तिथे पाऊस जवळपास पडतच नाही. त्यामुळे तिथल्या चुकिकामाटा खाणीत ते भरपूर साठलेलं मिळालं.

आपल्या देशात राजस्थानातली खेत्री तांब्यासाठी प्रसिद्ध. ब्रिटिश काळात खेत्री-सिंघाना भागात खाणीतला टाकाऊ दगड पाण्यात भिजवायचे, ते पाणी आटवायचे आणि मोरचूद काढायचे. म्हणजे तिथेही मोरचूद हाती आलं ते पाण्यातूनच.

आपल्याकडे का नाही?

कारणं दोन. पहिलं म्हणजे आपला डोंगर काळ्या दगडाचा, बेसाल्टचा. या दगडात तांब्याचा अंश अगदी किरकोळ असतो, खाण चालेल असे साठे नसतात. महाराष्ट्रात तांब्याचं खनिज आहे ते विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या ठाणेवासनासारख्या ठिकाणी. दुसरं कारण पाऊस. महाड-पोलादपुरात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एखादा निळा खडा तयार झालाच तरी पहिल्या आषाढात तो सावित्रीत जाईल आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळेल.

विहीर खणताना किंवा खडीच्या खाणीत दगडाच्या पोकळीत चमकणारे पांढरे स्फटिक मिळतात. ते बहुतेक झिओलाइट गटातले असतात, मोरचुदाशी त्यांचा संबंध नाही. पोकळीतला हिरवा लेप बऱ्याचदा सेलाडोनाइटचा असतो, त्यातही तांबं नसतं. अनोळखी खडा चाटून पाहायची सवय मात्र सोडलेली बरी.

चुना का घालायचा?

नुसतं मोरचुदाचं पाणी फवारलं तर पानं करपतात आणि पहिल्याच सरीत औषध वाहून जातं. चुन्याची निवळी मिसळली की तांब्याचा पाण्यात सहज न विरघळणारा थर होतो आणि तो पानाला, फळाला चिकटून बसतो. हेच बोर्डो मिश्रण. फ्रान्समध्ये बोर्डो भागात चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्या वेली रोगातून वाचल्याचं मिलार्दे या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी हा उपाय जाहीर केला. १९१० च्या सुमारास म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी सुपारीच्या कोळेरोगावर तो वापरात आणला.

१ टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागतं. दोन्ही ५०-५० लिटर पाण्यात वेगवेगळं विरघळवावं, मग एकत्र ओतत ढवळावं, गाळावं आणि त्याच दिवशी संपवावं. भांडं प्लास्टिकचं घ्या. लोखंडाच्या पिंपात तांबं लोखंडावर बसतं, औषधाचा जोर जातो आणि पिंपही खराब होतं.

याच गुणाचा उपयोग तपासणीला होतो. विळ्याचं घासलेलं लोखंडी पातं मिश्रणात थोडा वेळ बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं राहिलं आहे असं समजा आणि चुना वाढवा. पातं स्वच्छ निघालं तर फवारायला हरकत नाही.

जपायचं कसं?

मोरचूद विषारी आहे. खडा दिसतो खडीसाखरेसारखा आणि रंग निळाशार, म्हणून लहान मुलांना मोह होतो. पोटात गेलं तर उलट्या होतात, यकृत आणि मूत्रपिंडाला इजा होते. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका, मुद्दाम उलटी करवू नका. १०८ ला फोन करा आणि पाकीट सोबत घेऊन दवाखान्यात जा.

तांब्याचा थोडासा अंशही माशांना मारक ठरतो. म्हणून पंप आणि पिंप पऱ्यात, विहिरीच्या कट्ट्यावर किंवा नदीत धुऊ नका. शेळ्या-मेंढ्यांना, त्यातही मेंढ्यांना तांबं फार बाधतं. फवारलेल्या झाडाखालचं गवत त्यांना लगेच घालू नका. फवारताना हातमोजे घाला, डोळे झाका.

शेवटची गोष्ट साठवणीची. जुलै २०२१ च्या पुरात महाडमध्ये घराघरांत, दुकानांत पाणी शिरलं होतं. जमिनीवर ठेवलेलं मोरचुदाचं पोतं अशा पाण्यात काही वेळातच विरघळून सगळीकडे पसरेल. म्हणून ते झाकणाच्या डब्यात, धान्यापासून लांब आणि पोरांचा हात पोचणार नाही अशा उंच फळीवर ठेवा. फवारणीची वेळ आणि प्रमाण झाडागणिक बदलतं, त्यासाठी आपल्या गावच्या कृषी सहायकाला विचारून घ्या.