दोन अटी, एक उत्तर
संयुक्त असमानता म्हणजे ‘आणि’ वा ‘किंवा’ने जोडलेल्या दोन असमानता. दिल्लीच्या द्वारकेतून धावणाऱ्या मेट्रोच्या ब्लू लाइनवर 2025 च्या दरांनुसार 12 किलोमीटरहून जास्त आणि 21 पर्यंतच्या अंतराला (क्ष) सोमवार ते शनिवार 43 रुपये पडतात: 12 < क्ष ≤ 21. ‘आणि’मध्ये दोन्ही अटी पाळाव्या लागतात, त्यामुळे 12 वगळला जातो, 21 धरला जातो.

5 किलोमीटर प्रवास झाला असेल, तर क्ष हे उरलेले अंतर धरून 12 < क्ष + 5 ≤ 21. तिन्ही भागांतून 5 वजा केल्यावर 7 < क्ष ≤ 16 मिळते. ऋण संख्येने गुणले वा भागले, तर चिन्हे उलटतात.

पुन्हा क्ष हे पूर्ण अंतर धरल्यास, सोमवार ते शनिवार सर्वांत कमी किंवा सर्वांत जास्त भाड्याची अंतरे अशी: क्ष ≤ 2 किंवा क्ष > 32. येथे एकच अट पुरते.