घर विकायचंय? मग आधी त्याला गिऱ्हाइकाच्या नजरेने बघा!



मागच्या व्हिडिओत भांडवल कुठून उभं करायचं ते बोललो होतो. त्यानंतर खूप जणांनी विचारलं, "ताई, राहतं घर विकून छोट्या घरात जायचं आणि उरलेला पैसा धंद्यात टाकायचा असं ठरवलंय. पण बघायला येणारे परत फिरकतच नाहीत. काय चुकतंय?"

मी यातून गेलेय, म्हणून अनुभवानेच सांगते.

दुसऱ्या दुकानाच्या डिपॉझिटसाठी आम्ही नाशिकचा वन बीएचके विकायला काढला. महिन्यात पाच पार्ट्या आल्या, चहा प्यायल्या, "कळवतो" म्हणाल्या आणि गेल्या. शेवटी एजंटने स्पष्टच सांगितलं, "ताई, घर चांगलंय हो, पण तुम्ही ते दिसूच देत नाही!" खरंच होतं. हॉलमध्ये दुकानाच्या मालाचे खोके, गॅलरीत जुना कूलर, खिडकीला जाड पडदे. दुकानाचा काउंटर मी रोज पुसते, पण लाखोंचा माल धुळीत ठेवला होता.

मग काय केलं?

1. आधी सामान कमी केलं. खोके दुकानाच्या माळ्यावर गेले, कूलर भंगारात. रिकामी फरशी दिसली की खोली मोठी वाटते. ओटा मोकळा ठेवा, फ्रिजवरची पिशव्यांची चळत काढा. दागिने, रोकड आणि मूळ कागदपत्रं मात्र कुलपात.

2. उजेड आणि वास. सगळीकडे एकाच रंगाचे एलईडी बल्ब लावा, खिडक्यांच्या काचा धुवा. ज्या वेळी घरात ऊन येतं तीच वेळ पार्टीला द्या. वापरात नसलेल्या बाथरूमला वास येतो, कारण जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि गटाराची हवा वर येते. बादलीभर पाणी ओता, बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं. अगरबत्तीचा धूर करून वास दाबू नका, समोरच्याला लगेच शंका येते.

3. किरकोळ दुरुस्त्या. गळका नळ, करकरणारं दार, सैल बटण. प्लंबरचे चारशे-पाचशे रुपये वाचवायला जाल आणि तोच नळ दाखवून पार्टी भाव पाडेल. नवीन मॉड्युलर किचन वगैरे करत बसू नका. पुढचा माणूस स्वतःच्या आवडीचंच करणार.

आता माझी मोठी चूक ऐका.

बेडरूमच्या भिंतीला ओल होती. घाईत मी त्यावर फक्त रंग मारून घेतला. पुढच्या रविवारी एक काकू आल्या. घर आवडलं, भावाचंही बोलणं सुरू झालं. निघताना त्यांनी सहज भिंतीवर हात ठेवला आणि विचारलं, "इथे ओल आहे ना?" मी गडबडले. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं तर बोललो असतो." परत आल्या नाहीत.

दुकानात मी कधी गिऱ्हाइकाला खराब माल नवीन म्हणून देत नाही. मग घराच्या बाबतीत तेच का केलं? घाबरले होते, म्हणून.

नंतर ओलीचं मूळ शोधलं. बाहेरच्या भिंतीला भेग होती. ती बुजवून घेतली, भिंत पूर्ण वाळू दिली, मग पुट्टी, प्रायमर, रंग. पुढच्या पार्टीला मी स्वतःहून ती भिंत आणि कामाचं बिल दाखवलं. व्यवहार त्यांच्याशीच झाला. भाव मागितल्यापेक्षा थोडा कमी आला, पण टोकननंतर एकही कटकट झाली नाही.

म्हणून लक्षात ठेवा, घर सजवणं वेगळं आणि लपवणं वेगळं.

4. कागदांची फाइल. अॅग्रीमेंट, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, घरपट्टी, वीजबिल, मेंटेनन्सची पावती आणि कर्ज असेल तर बँकेचं पत्र. झेरॉक्सची फाइल टेबलवर तयार ठेवा. स्वच्छ घराइतकीच स्वच्छ फाइलही भरवसा देते.

5. दाखवताना. टीव्ही बंद. घरातल्या एकानेच बोलायचं. त्यांना नळ सोडू द्या, कपाट उघडू द्या. "आम्हाला पैशाची फार गरज आहे" हे मात्र तोंडातून काढू नका!

आणि हे भांडवलाचं गणित करताना टॅक्स विसरू नका. 2 वर्षांपेक्षा जास्त काळ ठेवलेलं घर विकून झालेला नफा दुसऱ्या घरात नियमाप्रमाणे गुंतवला तर सवलत मिळते. दुकानात घातला तर ती सवलत नाही. शिवाय व्यवहार 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदार 1 टक्का टीडीएस कापून उरलेले पैसे देतो. त्यामुळे भाव ठरवायच्या आधीच सीएकडे जाऊन या.

आजचा होमवर्क: चप्पल घालून बाहेर जा, बेल वाजवा आणि स्वतःच्याच घरात गिऱ्हाईक म्हणून या. पहिल्या मिनिटात खटकलेल्या तीन गोष्टी वहीत लिहा. या रविवारपर्यंत त्या तीनच दुरुस्त करा. बाकीचं नंतर बघू.

भेटू पुढच्या व्हिडिओत!