‘इन’ला फ्रेंचमध्ये काय म्हणतात?

शिक्षक बंधुभगिनींनो, इंग्रजीच्या तासाला फळ्यावर आखलेले दोन रकाने आपल्या परिचयाचे आहेत. डावीकडे ‘इन’, ‘ऑन’, ‘फॉर’, ‘टू’. उजवीकडे ‘आत’, ‘वर’, ‘साठी’, ‘ला’. मुले ते घोकतात आणि चाचणीत बिनचूक लिहितात. मग निबंधात कोणी लिहिते, ‘सीता वॉज मॅरिड विथ राम’, आणि आपण त्या ‘विथ’वर लाल शाई ओढतो. मूल बुचकळ्यात पडते. सीतेचे लग्न रामाशी झाले, ‘शी’ म्हणजे ‘विथ’, मग चुकले कुठे?

चुकले ते रकान्यात. ते नीट उमगण्यासाठी आज एक वेगळी वाट धरू. इंग्रजीतले हे इवलेसे शब्द फ्रेंच भाषेत नेताना काय होते, ते पाहू. आपल्या गावच्या शाळेत फ्रेंच शिकवत नसतील. पण स्वतःच्या घरातली अडगळ दिसत नाही, ती शेजाऱ्याकडे गेल्यावर आठवते, तसेच हे आहे.

आपण मराठीत ‘घरात’, ‘झाडावर’, ‘गावाहून’ म्हणतो. संबंध दाखवणारा भाग नामाच्या पाठीमागे चिकटतो. इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये तो नामाच्या पुढे, सुटा उभा असतो. तेव्हा एक काढून दुसरा बसवला की काम झाले, असे वाटेल. पण तसे होत नाही.

आपला ‘इन’च घ्या. ‘पेटीत’ म्हणायचे तर फ्रेंच माणूस ‘दाँ’ म्हणतो. ‘पॅरिसमध्ये’ म्हणायचे तर ‘आ’; शहरांना सहसा हाच लागतो. देशांची तऱ्हा आणखी निराळी. देशाचे नाव स्त्रीलिंगी असेल तर ‘आँ’. फ्रेंचमध्ये भारत स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘भारतात’ला ‘आँ’. जपान पुल्लिंगी, म्हणून त्याला ‘ओ’. इंग्रजीत सगळीकडे एकच ‘इन’. फ्रेंच विचारते, आत म्हणजे कशाच्या आत? पेटीच्या, गावाच्या, की देशाच्या?

आता काळाकडे वळू. ‘आय शॅल रीड द बुक इन टू अवर्स’ याचा अर्थ काय? दोन तास गेल्यावर वाचायला घेईन, की दोन तासांच्या अवधीत वाचून संपवीन? इंग्रजी वाक्यातून दोन्ही अर्थ निघतात. फ्रेंच भाषांतरकाराला मात्र निवड करावीच लागते. पहिल्या अर्थी ‘दाँ’, दुसऱ्या अर्थी ‘आँ’. आणि मौज पाहा, आपणही हेच करतो! ‘दोन तासांनी वाचीन’ आणि ‘दोन तासांत वाचीन’ यांत आपल्या गुराख्याच्या पोराचाही घोटाळा होत नाही.

‘फॉर’चेही तेच. ‘मी इथे दोन वर्षांपासून राहतो’ यातल्या ‘पासून’ला फ्रेंचमध्ये ‘दपुई’ आहे, आणि क्रियापद आपल्यासारखेच वर्तमानकाळी. इंग्रजीला मात्र तिथे ‘हॅव लिव्ह्ड’ अशी कसरत करावी लागते. ‘मी तिथे दोन वर्षे राहिलो’, म्हणजे मुदत संपली, तर ‘पाँदाँ’. ‘दोन दिवसांसाठी नागपूरला निघालो आहे’, म्हणजे मुदत मनात योजलेली, तर ‘पूर’. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘फॉर’. आपल्याकडे एकदा ‘पासून’, एकदा काहीच नाही, एकदा ‘साठी’.

‘काहीच नाही’ हेही उत्तर असू शकते, हे ध्यानात ठेवा. इंग्रज माणूस ‘लिसन टू द रेडिओ’ म्हणतो. फ्रेंच माणूस आपल्यासारखाच नुसता रेडिओ ऐकतो; त्याला मध्ये ‘टू’ लागत नाही. उलट इंग्रजीत ‘आन्सर द क्वेश्चन’ म्हणताना मधे काही नसते. फ्रेंचमध्ये मात्र प्रश्नापुढे ‘आ’ यावा लागतो. आपणही ‘प्रश्नाला’ उत्तर देतो. मराठी दरवेळी फ्रेंचच्याच बाजूची असते, असे मात्र समजू नका. आपण आणि इंग्रज नुसते पत्ते खेळतो. फ्रेंच माणसाला तिथे ‘आ’ घातल्यावाचून चालत नाही.

कधी कधी तर हा लहानसा शब्द क्रियापदाचे काम अंगावर घेतो. ‘ही स्वॅम अक्रॉस द रिव्हर’ या वाक्यात पलीकडे जाणे हे ‘अक्रॉस’मध्ये आहे आणि पोहणे क्रियापदात. फ्रेंच भाषांतरात दोघांची अदलाबदल होते. ओलांडणे क्रियापदात जाते आणि पोहणे जोडीला येते. आपण ‘त्याने पोहून नदी ओलांडली’ म्हणतो, तीच घडण. विने आणि दार्बेल्ने या दोन अभ्यासकांनी इंग्रजी व फ्रेंच यांची तुलना करणारा ग्रंथ १९५८ साली लिहिला. त्यात अशा अदलाबदलीचा सविस्तर विचार आहे. स्टेशनावरच्या ‘टू द ट्रेन्स’ या पाटीचेही तसेच. फ्रेंचमध्ये नुसता ‘आ’ तिथे लंगडा पडतो. ‘फलाटांकडे जाण्याचा मार्ग’ अशा अर्थाचे एक नाम त्याच्या मदतीला घ्यावे लागते.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा शब्दांचा एवढा काथ्याकूट कशाला? त्याचे उत्तर शाळेबाहेर आहे. १९६७ च्या जून महिन्यात इस्राएल आणि अरब राष्ट्रे यांच्यात युद्ध झाले. पुढे २२ नोव्हेंबर १९६७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने २४२ क्रमांकाचा ठराव एकमताने संमत केला. आपला देश तेव्हा परिषदेचा सदस्य होता. युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्राएलने सैन्य मागे घ्यावे, असे एक कलम त्यात आहे. इंग्रजी पाठात ‘फ्रॉम टेरिटरीज’ आहे. मधे ‘द’ नाही. फ्रेंच पाठात ‘दे तेरित्वार’ आहे. हा ‘दे’ म्हणजे ‘पासून’ अर्थाचा ‘द’ आणि ‘ते सगळे’ सुचवणारे अनेकवचनी उपपद ‘ले’ यांचा संधी. झाले, वादाला तोंड फुटले. इंग्रजीवर बोट ठेवणारे म्हणतात, ‘काही प्रदेशांतून’ एवढाच अर्थ निघतो. फ्रेंचवर बोट ठेवणारे म्हणतात, ‘त्या सर्व प्रदेशांतून’. त्यावर पहिले म्हणतात, फ्रेंच व्याकरणात अशी रचना ओघानेच येते, तिच्यावर एवढा भार टाकू नये. मराठीत तर ‘प्रदेशांतून’ म्हटले की दोन्ही अर्थ एकाच शब्दात झाकून जातात. त्या प्रदेशांतल्या माणसांची घरेदारे आणि शेते या अर्थावर टांगलेली. हा वाद केवळ व्याकरणाने मिटण्याजोगा नाही. पण भाषांतरातल्या एका अक्षराचे वजन किती असते, हे त्यावरून कळते.

म्हणून शिक्षक मित्रहो, एवढे करून पाहा. ‘इन म्हणजे काय?’ असे विचारू नका. अख्खे वाक्य द्या आणि ‘इथे कोणाचा कोणाशी काय संबंध आहे?’ असे विचारा. मूल आधी ते मराठीत सांगेल. ‘तासांनी’ की ‘तासांत’, ‘पासून’ की ‘साठी’, हा भेद त्याला पाळण्यातून मिळालेला आहे. तो भेद एकदा हाती आला, की इंग्रजीत त्याला कोणता शब्द लागतो, हे क्रियापदासकट शिकवा. ‘टू’ एकटा शिकवू नका. ‘लिसन टू’, ‘मॅरिड टू’ अशी जोडी शिकवा.

आणि त्या लाल शाईच्या ‘विथ’चे काय झाले? फ्रेंचमध्ये लग्न करण्याच्या क्रियापदापुढे ‘आवेक’ येतो, आणि ‘आवेक’ म्हणजे ‘विथ’. त्या मुलाने इंग्रजीत जे लिहिले, ते फ्रेंच वर्गात बरोबर ठरले असते! त्याची समजूत खोटी नव्हती, इंग्रजीची रीत निराळी होती. चूक जरूर दुरुस्त करा. पण दुरुस्त करताना हेही त्याला सांगा, म्हणजे ते पुन्हा लिहायला कचरणार नाही.