विहिरी अनेक, पाणी एक: चर्चासभा कशी आखावी?

खानदेशात पाण्याविषयी बोलायला माणसे कमी पडत नाहीत. पारावर, आठवडेबाजारात, एस.टी.च्या थांब्यावर हा विषय निघतोच. पण बोलणे वेगळे आणि ठरवणे वेगळे. विहिरींचे पाणी खाली जात आहे हे सर्वांना दिसते, उपायही बहुतेकांना ठाऊक असतात, तरीही उपसा कमी होत नाही. असे का होते? आणि ज्यांचा ज्यांचा या पाण्याशी संबंध आहे त्या सर्वांना एकत्र बसवून काही ठरवायचे असेल, तर त्या बैठकीची आखणी कशी करावी? या दोन प्रश्नांचा विचार येथे करू. या कामात शाळेलाही एक जागा आहे, ती शेवटी पाहू.

जमिनीखाली काय आहे?

जळगाव जिल्ह्यात सातपुडा आणि तापी यांच्या दरम्यान रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांचा केळीचा पट्टा आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्ट म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात पाणी बेताचेच साठते. तापीकाठची गोष्ट निराळी आहे. येथे भूकवचाचा एक लांबट भाग खचून खोलगट जागा तयार झाली आणि तिच्यात नद्यांनी आणलेला गाळ साचत गेला. वाळू, गोटे आणि चिकणमातीचे हे थर काही ठिकाणी शेकडो मीटर जाड आहेत. सुकी, मोर, अनेर यांसारख्या नद्या सातपुड्यातून बाहेर पडतात, तेथे पायथ्याच्या गोट्यावाळूत त्यांचे पाणी झपाट्याने मुरते आणि जमिनीखालून हळूहळू तापीकडे सरकते. म्हणजेच वरच्या गावाच्या शिवारात मुरलेले पाणी खालच्या गावाच्या विहिरीत निघू शकते. विहिरी अनेक असल्या तरी साठा एकच आहे.

आता एक सोपे गणित करू. वर्गातही ते करून घेता येईल. वर्षाचा पाऊस सुमारे ७०० मि.मी. धरू. गाळाच्या जमिनीत त्यातला साधारण २२ टक्के भाग खोल मुरतो असे भूजलाच्या मूल्यांकनात धरतात. म्हणजे सुमारे १५० मि.मी. पाणी दरवर्षी साठ्यात जमा होते. पाटाने पाणी दिलेल्या केळीला वर्षाला सुमारे १,८०० मि.मी. पाणी लागते असे धरू. त्यातले ५०० मि.मी. पावसाने भागले तरी १,३०० मि.मी. विहिरीतून काढावे लागते. १,३०० ला १५० ने भागले की उत्तर येते साडेआठच्या वर. म्हणजे एका हेक्टर केळीसाठी जवळजवळ नऊ हेक्टर जमिनीवर मुरलेले पाणी खर्च होते. ठिबकने एक तृतीयांश बचत झाली तरी हा आकडा सहाच्या आसपास राहतो. हा ढोबळ अंदाज आहे, कारण पाटाच्या पाण्यातले काही परत मुरते आणि नद्या व कालवेही साठ्यात भर घालतात. तरीही बाब स्पष्ट आहे. सर्व शिवारभर केळी लावून साठा टिकणार नाही. ठिबकने वाचलेले पाणी नव्या बागेला दिले, तर बचत कागदावरच राहते.

वर्षभरात काढता येण्याजोग्या पाण्यापेक्षा जेथे उपसा जास्त, म्हणजे १०० टक्क्यांच्या वर असतो, त्या क्षेत्राला 'अतिशोषित' म्हणतात. रावेर आणि यावल हे तालुके या वर्गात किंवा त्याच्या उंबरठ्यावर वारंवार आले आहेत. अशा वेळी पाणी सर्वांचे एकदम संपत नाही. ज्याला आणखी खोल कूपनलिका घेणे परवडते, त्याची बाग चालू राहते. आधी आटते ती लहान शेतकऱ्याची उथळ विहीर आणि गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर. निर्णय एकाचा आणि नुकसान दुसऱ्याचे, अशी ही रचना आहे. म्हणूनच केवळ तांत्रिक उपायाने ती सुटत नाही.

पांझरेकाठचा धडा

एकत्र बसून पाणी वाटण्याची कला खानदेशाला नवीन नाही. धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीवर आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील मोसम, आरम या नद्यांवर तीनशे-चारशे वर्षांची फड पद्धत होती. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला कालवा आणि त्याखालच्या जमिनीचे साधारण चार फड. एका फडात एकच पीक. कोणत्या फडाला बारमाही पाणी, कोणत्याला हंगामी आणि कोणता फड कोरडा ठेवायचा, हे दरवर्षी नदीचे पाणी पाहून गावाने ठरवायचे. पाणी सोडायला पाटकरी, राखण करायला जागल्या असे गडी नेमलेले असत.

या पद्धतीतील खुबी अशी की, बहुतेक खातेदारांची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे. एक फड कोरडा राहिला तर झळ साऱ्यांना थोडी थोडी बसे. नियम करणारा स्वतः त्या नियमाखाली होता, पाणी डोळ्यांना दिसत होते आणि नियम पाळला जातो की नाही हे पाहणारा माणूस नेमलेला होता. या तिन्ही गोष्टी होत्या म्हणून सभेत ठरलेले शेतात उतरत असे. पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, प्रत्येकाला स्वतंत्र पाणी मिळू लागले आणि ही पद्धत बहुतेक ठिकाणी मागे पडली. तिच्यात उणीवही होती. निर्णयात आवाज होता तो जमीनधारकांचा. स्त्रिया आणि भूमिहीन यांना त्यात जागा नव्हती.

भूजलाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी नसतात. पाणी दिसत नाही, साठ्याची हद्द गावाच्या हद्दीशी जुळत नाही आणि प्रत्येक पंपाचा मालक वेगळा असतो. चर्चासभा आखायची म्हणजे या उणिवा भरून काढायच्या.

जनसुनावणी आणि चर्चासभा

येथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. मोठ्या प्रकल्पांसाठी पर्यावरणीय परिणामांच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी घेतली जाते. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो, किमान तीस दिवसांची सूचना द्यावी लागते आणि गणसंख्येची अट नसते. लोक हरकती मांडतात, त्या नोंदवल्या जातात, निर्णय मात्र दुसरीकडे होतो. नागरिकाचा हा हक्क महत्त्वाचा आहे, पण तेथे प्रत्येकजण व्यासपीठाकडे तोंड करून बोलतो. चर्चासभेत लोक एकमेकांकडे तोंड करून बसतात. हरकत नोंदवणे एवढाच तिचा हेतू नसतो. हानी कमी करण्यासाठी कोण काय सोडायला तयार आहे, हे त्यांनी आपापसांत शोधायचे असते.

आखणीचे टप्पे

पहिला टप्पा प्रश्न ठरवण्याचा. 'पाणी वाचवा' हा प्रश्न नव्हे, ती घोषणा झाली. 'येत्या वर्षी या पाच गावांच्या शिवारात नवीन कूपनलिका घ्यायच्या का, आणि घ्यायच्या तर कोणत्या अटींवर?' हा प्रश्न झाला. प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर जमलेल्या लोकांच्या हाती असेल.

दुसरा टप्पा निमंत्रणाचा. यादी गावांची न करता साठ्याची करावी. पायथ्याची पावरा व तडवी वस्ती, मधली बागायती गावे, तापीकाठची गावे. मोठे बागायतदार, एका विहिरीचे शेतकरी, कोरडवाहू शेतकरी, सालदार व मजूर, पाणी भरणाऱ्या स्त्रिया, कूपनलिका खोदणारे, ग्रामपंचायतीचे सदस्य, भूजल यंत्रणेचे अधिकारी. प्रत्येक गटातून किमान दोघे यावेत, कारण एकटा माणूस मोठ्या सभेत गप्प राहतो. यादी पूर्ण झाल्यावर एक प्रश्न विचारावा: या निर्णयाने ज्याचे सर्वांत जास्त नुकसान होईल तो या यादीत आहे का?

तिसरा टप्पा माहितीचा. आकड्यांवर विश्वास नसेल तर सभा आकड्यांवरच अडते. म्हणून सभेपूर्वी सर्व गटांच्या माणसांनी मिळून ठराविक विहिरींची पातळी मोजावी. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत मोजते. त्या नोंदी आणि गावाच्या नोंदी शेजारी शेजारी लावाव्यात. सभेत एका पानापेक्षा जास्त आकडे नसावेत आणि ते मोठ्याने वाचून दाखवावेत.

चौथा टप्पा वेळ आणि जागा यांचा. कांदेबागेची लागवड ऑक्टोबरपासून सुरू होते. एकदा खोड लावले की शेतकरी मागे फिरू शकत नाही. म्हणून पावसाळा संपता संपता, लागवडीच्या आधी सभा व्हायला हवी. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारातही पाण्याचा ताळेबंद पावसाळ्यानंतर ग्रामसभेत मांडला जातो, तो याच कारणाने. बाजाराचा दिवस टाळावा. मजुरांचा रोज बुडू नये म्हणून संध्याकाळची वेळ बरी. जागा कोणा पुढाऱ्याचा वाडा नसावी. शाळेचा वर्ग उत्तम.

पाचवा टप्पा समन्वयकाचा. हा माणूस कोणत्याही बाजूचा नसावा आणि त्याने स्वतःचे मत सांगू नये. त्याचे काम तीन गोष्टींचे आहे: वेळ सारखा वाटणे, कमी बोलणाऱ्यांना आधी बोलते करणे आणि मागणीच्या मागची गरज शोधणे. 'कूपनलिका बंद करा' ही मागणी झाली. तिच्यामागची गरज असते 'मे महिन्यात घरात पाणी हवे' ही. 'कूपनलिका बंद करू देणार नाही' हीदेखील मागणीच. तिच्यामागची भीती असते 'लावलेली बाग जळेल आणि कर्ज अंगावर राहील' ही. मागण्या एकमेकींना छेद देतात, पण गरजांची सांगड कधी कधी बसते. उदाहरणार्थ, उभ्या बागांना संरक्षण, नवीन लागवडीला मर्यादा आणि पिण्याच्या विहिरीभोवती उपशाला बंदी, असा मार्ग निघू शकतो. आधी लहान गटांत आणि मग सर्वांसमोर बोलणे झाले, तर स्त्रिया आणि मजूर मोकळेपणाने बोलतात.

सहावा टप्पा नोंदीचा. प्रत्येक निर्णयापुढे चार गोष्टी लिहाव्यात: काय करायचे, कोणी करायचे, केव्हापर्यंत आणि ते झाले हे कसे मोजायचे. ज्यांना निर्णय मान्य नाही त्यांचे म्हणणेही लिहावे. नोंद तेथेच वाचून दाखवावी. पाटकऱ्यासारखा राखणदार कोण असेल, हे ठरल्याशिवाय सभा संपवू नये. पुढची बैठक मे महिन्यात घ्यावी, म्हणजे ठरवलेले आणि घडलेले यांचा मेळ घालता येईल.

सभेनंतर काय?

चर्चासभेला कायद्याचे अधिकार नाहीत, म्हणून तिचा निर्णय ग्रामसभेच्या ठरावात उतरवावा लागतो. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा १ जून २०१४ पासून लागू आहे. अधिसूचित क्षेत्रांत पाणलोट क्षेत्रासाठी जल समिती आणि तेथील पाण्याला साजेशी पीक योजना यांची त्यात तरतूद आहे. २०१९ च्या अटल भूजल योजनेतही जळगाव जिल्ह्याचा समावेश होता. तिच्यात ग्रामपंचायतींनी लोकसहभागाने जलसुरक्षेचा आराखडा करायचा होता. कायदा दार उघडतो, आत शिरायचे काम लोकांचे.

पुनर्भरणाच्या कामांनी या सभांची गरज संपत नाही. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात २००४ नंतर नाले रुंद-खोल करून आणि बंधारे बांधून पाणी मुरवले गेले. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेसाठी करार केला. अशा कामांनी साठ्यात भर पडते, पण नवे पाणी कोण किती काढणार हा प्रश्न उरतोच. नियम नसेल तर जास्तीचे पाणी सर्वांत खोल पंपाकडे जाते. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने १९९० च्या दशकात सुमारे ४०० हेक्टर जंगल राखले. तेथे गावाने स्वतः नियम केले, मोडणाऱ्यास दंड ठरवला आणि तो सर्वांना सारखा लावला. त्यातून झाडांबरोबर पाणीही परत आले.

शाळेचे काम

शाळा कोणत्याच बाजूची नसते, ही तिची मोठी ताकद आहे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी गावातल्या दहा विहिरी निवडाव्यात. मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी, खुणा केलेल्या दोरीला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. काठावर मोजण्याची जागा रंगाने कायमची ठरवावी. महिन्यातून एक नोंद पुरे. आलेख भिंतीवर लावावा, शेजारी पावसाचे आकडे लिहावेत. वर्गात भूमिका वाटून अशी सभा भरवून पाहावी. बागायतदाराच्या मुलाला मजुराची आणि मजुराच्या मुलीला बागायतदाराची बाजू मांडायला द्यावी.

अशी वही दोन-तीन वर्षे नेमाने भरली गेली, तर गावाच्या सभेत 'पाणी खाली गेले की नाही' यावर वाद घालण्यात वेळ जाणार नाही. कोणी किती काढायचे, या खऱ्या प्रश्नाकडे लोकांना थेट वळता येईल.