अंगावरून वारे जाते म्हणजे काय होते?

वऱ्हाडात एखाद्या गृहस्थाचे तोंड एकाएकी वाकडे झाले, हात लुळा पडला व जीभ अडखळू लागली, म्हणजे ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. वैद्यकात यास पक्षाघात म्हणतात. ‘वारे’ हा शब्द जुन्या वातविचारातून आलेला आहे, तेव्हा त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. मात्र त्यामुळे विकार हाताचाच आहे असा समज दृढ झाला. मग हातास तेल चोळणे, कोठे कोठे पारव्याचे रक्त लावणे, असे उपाय सुरू होतात. वस्तुतः हात निरोगीच असतो. बिघाड डोक्यात, आणि तोही बहुधा विरुद्ध बाजूस झालेला असतो. मेंदूकडून आज्ञा आणणारे तंतू मानेच्या वरच एकमेकांस ओलांडून खाली उतरतात. म्हणून उजवे अंग गेले तर दोष डाव्या मेंदूत शोधावयाचा.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्याइतके. परंतु शरीरास लागणाऱ्या प्राणवायूचा जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटा घेतो, आणि शिल्लक काहीच टाकीत नाही. सबब एखादी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, की तिच्यावर अवलंबून असलेल्या पेशी मिनिटामिनिटाला मरू लागतात. गुठळी विरघळविणारे औषध आहे; ते साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पण काही रोग्यांत वाहिनी बंद न होता फुटते, व अशांस तेच औषध प्राणघातक ठरेल. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. म्हणून सी. टी. स्कॅन काढल्यावाचून शहाणा डॉक्टर ते औषध देत नाही.

वाशीम जिल्ह्यात या तासांचा हिशेब फार कठीण होऊन बसतो. १९९८ साली अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ साली मिळाले. त्यापूर्वी अवघड रोगी अकोल्यास नेण्याची वहिवाट होती, आणि वाशीमहून अकोला सुमारे ८० किलोमीटर. रिसोड किंवा मानोरा तालुक्यातील खेड्यातून निघावयाचे, तर प्रथम गाडी मिळवावयाची व मग वाट तुडवावयाची. त्यात ‘उजाडेपर्यंत पाहू’ म्हणून रात्र काढली, तर औषधाची वेळ घरीच टळून जाते. तोंड वाकडे होणे, हात वर न राहणे, बोलणे बोबडे होणे, यांतील एक जरी दिसले तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आरंभाची वेळ लिहून ठेवावी व रोग्याच्या तोंडात पाणीदेखील घालू नये. गिळण्याची शक्ती गेलेली असल्यास ते श्वासनलिकेत उतरते. घटकाभराने बरे वाटले तरी जावेच, कारण तो पुढील झटक्याचा इशारा असू शकतो. वाढलेला रक्तदाब व तंबाखू ही या रोगाची ठळक कारणे; खर्रा हा तंबाखूच, हे मात्र कोणी मनावर घेत नाही.

अपस्मार, म्हणजे मिरगी, हा मेंदूतील विद्युत्प्रवाहाचा क्षणिक क्षोभ होय. कांदा किंवा चप्पल हुंगविल्याने तो थांबत नाही. तो बहुधा आपोआपच थांबतो, आणि श्रेय चपलेस मिळते! रोग्यास कुशीवर वळवावे, दातांत काही कोंबू नये, आणि झटका पाच मिनिटांवर लांबल्यास दवाखाना गाठावा. न धुतलेल्या भाजीबरोबर पोटात गेलेली फीतकृमीची अंडी हे या रोगाचे एक कारण आहे. ते शाकाहारी घरासही चुकत नाही.

कण्याकडे वळता, सोयाबीनची पोती उचलणाऱ्याची कंबर धरणे हा बहुधा मणक्यांमधील गादीचा त्रास असतो, व तो पुष्कळदा काही आठवड्यांत निवळतो. पाय बधिर होऊन लघवी अडली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावयास हवे. याहून कपटी विकार म्हणजे मणक्याचा क्षय, ज्याचे वर्णन पर्सिव्हल पॉट या इंग्रज शस्त्रवैद्याने १७७९ साली केले. रात्री विसाव्यातही न थांबणारी पाठदुखी, सायंकाळचा बारीक ताप व उतरत जाणारे वजन ही त्याची खूण. पुष्कळ जण महिनोन्‌महिने पाठ चोळून घेत राहतात. उपचार वर्षभर किंवा त्याहून अधिक चालतो व औषधे शासनाकडून विनामूल्य मिळतात. पण कुबड एकदा आले, की त्या औषधांनी जंतू मरतात, वाकलेला कणा सरळ होत नाही.